कर्तव्य नगरपरिषदेचे, माणूस ठेकेदाराचा

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



रस्ते झाडणे व गटारे साफ ठेवणे हे नगरपरिषदेचे अनिवार्य कर्तव्य होय, असे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचे कलम ४९ सांगते. जुन्नरची नगरपरिषद व मंचरची नगरपंचायत या दोहोंनाही ते बंधनकारक आहे. कर्तव्य जर संस्थेचे, तर ते बजावणारा माणूस ठेकेदाराचा कसा?

पद असेल तर घटनेतील राखीव जागा, बढती आणि लाड समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाहक्क. पदच नाहीसे करून काम निविदेने दिले की, एकही कायदा रद्द न करता हे सारे निकालात निघते. झाडू मात्र त्याच हातांत राहतो. झाडूचा वारसा आमच्या मुलांना नको, हे मी नेहमीच सांगत आलो. परंतु झाडू तसाच ठेवून पगार तेवढा काढून घेणे, याला मुक्ती कोण म्हणेल?

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ महानगरपालिकेविरुद्ध लढला. कंत्राट हा निव्वळ देखावा आहे, असे औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली ठरविले, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा उचलून धरला.

तो लढा १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या काळातला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. संस्थेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास ती मनाई करते, पण साफसफाईला मुख्य काम मानीत नाही. मात्र येथे एक अट आहे: संस्था त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तरच ही सूट! नगरपरिषद मग कशासाठी स्थापन झाली, हे कलम ४९ वाचून दाखवावे.

दोन अडचणी सांगतो. हे प्रकरण पन्नास वा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथेच लागू होते. लहान गावी कंत्राटच खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा मुंबईचा मार्ग धरावा लागेल. दुसरे, ‘हे काम नेहमी ठेकेदाराकडूनच होते’ असा बचाव घेतला जाईल. त्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली मंजूर पदांचा आकृतिबंध, जुने हजेरीपट आणि प्रत्येक करारपत्राची नक्कल मागून घ्या.

जुन्नरच्या लेण्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा शिलालेख आहे. त्या श्रेणीचे नाव दगडावर राहिले. आमच्या झाडूवालीचे नाव निदान नगरपरिषदेच्या हजेरीपटावर यावे, यासाठी पहिला अर्ज या आठवड्यातच दाखल करा.