लहान कॅमेरा आणि रोजचे जगणे



या व्याख्यानमालेत आमच्याआधी जे बोलून गेले ते विद्वान होते. आमची शाळा सातवीला संपली. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात आणि वाचनालयातल्या शिवण उसवलेल्या पुस्तकांवर झाले. संयोजकांनी बोलावले तेव्हा आम्ही किमान वेतनावर बोलू, असे त्यांना वाटले असावे. पण त्या विषयावर आम्ही गेली तीस वर्षे बोलतच आहोत. आज आम्ही निवडलेला विषय आहे खिशात मावणारा लहान कॅमेरा आणि त्यापासून मिळणारा आनंद. कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे खूळ कोठून लागले, असे आपण विचाराल. तेच आधी सांगतो.

पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आमच्या संघटनेतली एक विडी कामगार बाई वारली. तिच्या मुलींना भिंतीवर लावायला आईचा फोटो हवा होता. घरात फोटो एकच निघाला, तो म्हणजे विडी कामगाराच्या ओळखपत्रावरचा, टपाल तिकिटाएवढा. त्यावर गालावरून गेलेला गोल शिक्का. आम्ही तो एका फोटोवाल्याकडे मोठा करायला दिला. त्याने मन लावून काम केले. शिक्का पुसला, केस काळे केले आणि गळ्यात सोन्याची ठुशी चढवली. बाईने आयुष्यात ठुशी घातली नव्हती. चौकट भिंतीवर लागली. धाकटी मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अण्णा, ही आमची आई नव्हे. आई अशी गप्प कधी बसलीच नाही."

त्या वाक्याने आम्हांला झोप लागू दिली नाही. ती बाई दिवसाला हजार विड्या वळायची, वळता वळता साऱ्या गल्लीची खबर घ्यायची आणि मोर्च्यात घोषणा द्यायला सर्वांत पुढे असायची. पन्नास वर्षांच्या अशा आयुष्याचे चित्र म्हणून उरले काय, तर ज्या क्षणी फोटोवाल्याने "हलू नका" म्हटले तो एक क्षण! गरिबाचा फोटो निघतो तो ओळखपत्रासाठी, लग्नात रांगेत उभे राहून किंवा मेल्यावर. मधल्या जगण्याचा फोटो काढायला कोणाला सवड नसते. त्याच महिन्यात आम्ही उसनवारी करून एक लहान कॅमेरा घेतला.

हे लहान यंत्र आले कोठून, तेही थोडक्यात पाहू. पूर्वी कॅमेरा म्हणजे तिकाटणे, काळे फडके आणि काचेच्या जड तबकड्या. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा एक कारागीर होता. त्याला दम्याचा विकार आणि डोंगरात हिंडण्याची हौस. ते ओझे त्याच्याने वाहवेना. तेव्हा त्याने युक्ती केली. सिनेमाची जी ३५ मिलिमीटर रुंदीची फीत असते, तीच घालून चालेल असा मुठीएवढा कॅमेरा बनवला. ही गोष्ट १९१३-१४ ची. तोच कॅमेरा पुढे १९२५ साली लायका या नावाने बाजारात आला. गंमत पाहा, त्याच १९१३ साली आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी त्याच जातीच्या फितीवर 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. आणि त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी पहिला प्रयोग कशावर केला होता? राजावर नव्हे, देवावरही नव्हे. कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याच्या रोपावर! रोप जसजसे वाढे तसतशी ते त्याची एकेक चौकट टिपत गेले. रोजची साधी गोष्ट धीराने पाहिली तर तीही चमत्कार वाटते, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

सामान्यांच्या हाती कॅमेरा पडला तो मात्र याहूनही स्वस्त पेट्यांमुळे. अमेरिकेत कोडॅकने १९०० साली एका डॉलरला ब्राउनी विकायला काढला. आपल्याकडे वडील पिढीला बडोद्यास बनणारा आगफा क्लिक-३ आठवत असेल. एका रिळात बारा फोटो निघत. पुढे ऐंशीच्या दशकात हॉट शॉट आला आणि नंतर छत्तीस फोटोंच्या रिळाचे प्लॅस्टिकचे कॅमेरे आले. आमचा पहिला कॅमेरा त्यातलाच.

या स्वस्त कॅमेऱ्याला अंतर जुळवावे लागत नाही. ते कसे जमते? आजी सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करते, कारण बारीक फटीतून अधिक स्पष्ट दिसते. तेच तत्त्व येथे आहे. भिंग लहान आणि त्यामागचे छिद्र बारीक, म्हणून चार-पाच फुटांपासून दूरच्या झाडापर्यंत सारे बऱ्यापैकी स्वच्छ येते. मात्र बारीक छिद्रातून उजेड थोडाच शिरतो. म्हणून ऊन हवे, नाहीतर झगझगाट करणारा फ्लॅश हवा. आणि तो फ्लॅशही आठ-दहा फुटांपलीकडे पोहोचत नाही. हे ज्ञान आम्हांला फुकट मिळालेले नाही. एका रात्रीच्या सभेला हजारभर माणसे जमली होती. आम्ही मागे उभे राहून मोठ्या हौसेने सारे रीळ संपवले. धुऊन आल्यावर पाहतो तो छत्तीसच्या छत्तीस फोटोंत पुढच्या पाच-सहा डोक्यांवरच्या पांढऱ्या टोप्या लखलखत आहेत आणि त्यांच्यापलीकडे अमावास्या! तीन-चार दिवसांची कमाई त्या टोप्यांवर गेली. घरी काय ऐकावे लागले ते या व्यासपीठावरून सांगण्याजोगे नाही.

पण अशा चुकांतूनच डोळा तयार होतो. आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. आपल्या सोलापूरकडचे दुपारचे ऊन फोटोला वैरी आहे. त्यात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि माणूस रागावल्यासारखा दिसतो. सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी गुरे परतताना फोटो काढावा. दुपारीच काढायचा झाला तर लिंबाच्या सावलीत न्यावे, नाहीतर माणसाला दाराच्या आत उंबऱ्यापाशी बसवून बाहेरचा उजेड तोंडावर घ्यावा. दुसरे, आपल्याला वाटते त्यापेक्षा दोन पावले जवळ जावे. तिसरे, लहान मूल किंवा काम करणारी बाई बसलेली असेल तर आपणही खाली बसावे. उभ्याने काढलेल्या फोटोत समोरचा माणूस खुजा दिसतो आणि काढणारा मुकादम! चौथी गोष्ट म्हणजे "हसा" असे म्हणू नये. बोलत राहावे आणि बोलता बोलता बटण दाबावे.

लहान कॅमेऱ्याचा मोठेपणा येथेच आहे. मोठे यंत्र रोखले की माणूस सावध होतो. शर्टाचे बटण लावतो, पदर सारखा करतो, चेहरा परीटघडीचा करतो. लहान यंत्राकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मग जे रोजचे आहे ते रोजच्यासारखे येते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीखाली तेंदूचे पान आणि शेजारी पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली मुलगी. मागावर तुटलेला धागा शोधणारी बोटे. आठवडी बाजारात तराजूच्या काट्याकडे संशयाने पाहणारी म्हातारी. या गोष्टी आपण रोज पाहतो, म्हणून त्या आपल्याला दिसत नाहीत. कॅमेरा हाती आला आणि आम्हांला आमचीच गल्ली नव्याने दिसू लागली. आनंद म्हणतो तो हा.

आता एक कबुलीही द्यायची आहे. आमच्या संघटनेच्या कपाटात मोर्च्यांचे फोटो गठ्ठ्याने आहेत. एकदा ते सारे जमिनीवर मांडले. प्रत्येकात पुढे फलक, फलकामागे पुढारी आणि पुढाऱ्यांत आम्ही! केस काळ्याचे पांढरे कसे होत गेले, त्याचा इतिहास तेवढा तयार झाला. पण काखेत मूल आणि हातात झेंडा घेऊन शेवटच्या रांगेत चालणारी बाई कोठेच नाही. मालक कामगाराला माणसांत मोजत नाही म्हणून आम्ही भाषणे करत होतो, आणि आमच्या स्वतःच्या फोटोंत तरी आम्ही त्याला कोठे मोजले होते?

आमच्या आधी ज्यांना हे कळले होते, त्यांतला एक अमेरिकेतील लुइस हाइन. हा मूळचा शिक्षक. १९०८ पासून तेथील बालमजुरीविरोधी समितीसाठी तो गिरण्यांत, खाणींत काम करणाऱ्या मुलांचे फोटो काढत हिंडला. त्याचा कॅमेरा खिशात मावणारा नव्हता, चांगला अवजड होता. दारावर अडवतील म्हणून तो निरनिराळ्या बहाण्यांनी आत शिरे. मुलाची उंची आपल्या अंगातल्या कपड्याच्या कितव्या बटणापर्यंत येते ते पाहून ठेवी आणि खिशातल्या कागदावर न बघता टिपून घेई. अमेरिकेत बालमजुरीला आवर घालणारा टिकाऊ कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. तो एकट्या फोटोंनी झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण ती मुले ज्यांनी पाहिली, त्यांना "आम्हांला ठाऊक नव्हते" असे म्हणायची सोय राहिली नाही. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे असेच टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्याकडे पाहताना लोक नाकाला रुमाल लावतात, त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडवून ती छायाचित्रे काढलेली आहेत.

हे सारे दूरचे वाटत असेल तर आपल्या गावाकडे पाहा. वळसंगच्या दलित बांधवांच्या विहिरीचे पाणी १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे येऊन प्याले, ही हकीकत आपल्यातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. थोर माणसाचे चित्र काळ कोठेतरी राखून ठेवतो. पण ज्यांनी त्या विहिरीवर घाम गाळला, माती वाहिली, त्यांचे चेहरे तुमच्या-आमच्यापैकी कोणाला सांगता येतील? पुढाऱ्याचा फोटो वर्तमानपत्र काढील. पाटी वाहणाऱ्याचा फोटो त्याच्या शेजाऱ्याने, त्याच्या लेकीनेच काढला पाहिजे. आणि ते काम लहान कॅमेऱ्याचे आहे.

मात्र येथे एक पथ्य आहे. मराठीत आपण "फोटो काढतो" असे म्हणतो. विहिरीतून पाणी काढतो, शेतातून पीक काढतो, तसा माणसाकडून फोटो काढतो. जे काढले ते ज्याचे त्याला पोहोचवले पाहिजे. एकदा आम्ही न विचारता एका बाईचा फोटो काढला. तिने हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "काय वो अण्णा, कारखान्यात छाट काढताना आम्हाला इचारत न्हाईत, तुम्ही बी न्हाई होय?" तेव्हापासून नेम केला. आधी विचारायचे, नको म्हटले तर कॅमेरा खिशात, आणि काढलाच तर कागदावर छापून तिच्या हातात द्यायचा. चार महिन्यांनी त्याच बाईच्या घरी गेलो तर तिचा फोटो देवळीत, देवांच्या शेजारी. फोटोत ती नातीला ओरडत होती. "माझा कामातला फोटो हाय," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

आज कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हाती फोन आहे, मग कॅमेऱ्याचे पुराण कशाला? फोननेही फोटो काढावेत, आम्हीही काढतो. पण फोनवर फोटो काढता काढता तीन निरोप येतात, दोन जाहिराती येतात आणि समोरचा माणूस निघून जातो. लहान कॅमेऱ्याला दुसरा धंदा नाही. म्हणूनच की काय, हल्ली तरुण मुले कपाटात पडलेले जुने डिजिटल कॅमेरे शोधून पुन्हा वापरू लागली आहेत. आमचे भांडण यंत्राशी नाहीच. फोनमध्ये हजारो फोटो साठतात आणि फोन पाण्यात पडला की सारे बुडतात, याचे आम्हांला दुःख आहे. छत्तीस फोटोंच्या काळात आपण एकेक फोटो मोजून काढत होतो आणि सारे छापून घरी आणत होतो. तो हिशेबीपणा तेवढा पुन्हा आणावा.

शेवटी एकच विनंती. या महिन्यात आपापल्या घरातल्या एका माणसाचा, रोजचे काम करताना, एक फोटो काढा. आई भाकरी थापत असेल, वडील बैलाला पाणी दाखवत असतील, बहीण मागावर असेल. तो कागदावर छापून घ्या आणि पाठीमागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहा. नाव जरूर लिहा, कारण नाव नसले की दोन पिढ्यांनी आपलीच माणसे परकी होतात.

त्या धाकट्या मुलीला आम्ही तिच्या आईचा खरा फोटो देऊ शकलो नाही, याची रुखरुख आम्हांला जन्मभर राहील. तुमच्या घरात तशी पाळी येऊ नये, एवढ्याचसाठी आज आपला वेळ घेतला.