समोरच्याचं रेटिंग

पुंगोलमध्ये घराघरांत ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी, आणि खास करून बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळणाऱ्या आपल्या बाळगोपाळांसाठी, आजच्या या चार गोष्टी.

स्पर्धेत जोड्या लागल्या की मुलं आधी काय बघतात? समोरच्याचं रेटिंग. ते शंभरेक अंकांनी जास्त दिसलं की चेहरा उतरतो. "आई, मी हरणारच!" पहिलं प्यादं हलायच्या आधीच अर्धा डाव गेलेला असतो. अशा वेळी त्यांना आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखची गोष्ट सांगा.

जुलै 2025. जॉर्जियातलं बाटुमी शहर, महिलांचा विश्वचषक. 19 वर्षांच्या दिव्याला मानांकन होतं पंधरावं. दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनर आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना हरवून ती अंतिम फेरीत आली. समोर कोण? कोनेरू हंपी! हंपी 2002 मध्ये ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. हंपींचं रेटिंग 2543, दिव्याचं 2463.

आता हा 80 अंकांचा फरक म्हणजे किती? रेटिंगच्या गणितानं शंभर डाव झाले, तर वरच्या खेळाडूला साधारण 61 गुण आणि खालच्याला 39. एकोणचाळीस काही थोडे नाहीत, बरं का!

पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. 28 जुलैला जलद डाव झाले. त्यातला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. हंपींच्या घड्याळात वेळ कमी उरला, चूक झाली आणि दिव्यानं डाव जिंकला. ग्रँडमास्टर होण्यासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. या विजेतेपदानं ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची 88वी.

आणि रेटिंग जास्त असलेल्यांनो, तुमच्यासाठी आपल्या सेंटोसाची आठवण. 25 नोव्हेंबर 2024 ला जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात गुकेश पांढरी मोहरी घेऊन कमी रेटिंगच्या डिंग लिरेनकडून हरला. पण खचला नाही. 12 डिसेंबरला जगज्जेता झाला तो गुकेशच.

रेटिंग हा कालपर्यंतचा हिशेब आहे. तेव्हा आईबाबांनो, मुलं घरी आली की "समोरच्याचं रेटिंग किती होतं?" हे नंतर विचारा. आधी म्हणा, "चल, डाव मांडून दाखव." भेटू पुढच्या भागात. नमस्कार!