मेकॅनिकलची सोडलेली जागा



पदवीधर मुला-मुलींनो, तुमच्यापैकी निम्म्यांचं लक्ष आत्ता माझ्या भाषणाकडं नाही, संध्याकाळी घरी येणाऱ्या पाहुण्यांकडं आहे, हे मला कळतंय. 'पदवी झाली, आता पुढं काय?' हे ते चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारणार. तुमचं उत्तरही तयार असेल: पुण्याला क्लास, एमपीएससी, बीएड, बँकेची परीक्षा, नाहीतर घरचा ऊस. ठरवून ठेवलेलं चांगलंच. पण याच गावात असं सगळं ठरलेलं एकदा मोडलं होतं, त्याबद्दल आज बोलतो.

भारताचा वेगवान गोलंदाज जहीर खान आपला, श्रीरामपूरचा. १९७८ चा जन्म, वडील फोटोग्राफर, शिक्षण इथल्याच शाळांत. बारावीनंतर प्रवरानगरला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. त्या जागेची किंमत आज तुम्हाला कळणार नाही. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू झाली, त्यात हे प्रवरानगर-लोणीचं कॉलेजही होतं. उसाच्या पट्ट्यातल्या घरांना आपलं पोरगं घरापासून हाकेच्या अंतरावर इंजिनिअर करता येऊ लागलं, आणि नव्वदच्या दशकात तर मेकॅनिकल म्हटलं की सोयरीकसुद्धा पटकन जमायची. अशी जागा सोडून सतरा वर्षांचा मुलगा क्रिकेट खेळायला मुंबईला गेला. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, असं वडिलांनीच सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. गल्लीतली चर्चा काय झाली असेल, ते सांगायची गरज नाही.

किस्सा इथं संपवला की टाळ्या पडतात. पुढची पाच वर्षं मात्र कोणी फारशी सांगत नाही. मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक भेटले. मोठे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना, १९७०-७१ मध्ये, उरलेल्या पोरांना घेऊन मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे हे कर्णधार. कोणात काय आहे, हे ओळखणारी नजर. मग पुरुषोत्तम शिल्डच्या अंतिम सामन्यात शिवाजी पार्क जिमखान्याविरुद्ध सात बळी, तिथून प्रशिक्षक टी. ए. शेखर यांच्या नजरेत, तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये. एवढं होऊनही रणजीतलं पदार्पण मुंबईकडून झालं नाही, बडोद्याकडून झालं. भारताची टोपी मिळाली ती २००० च्या ऑक्टोबरमध्ये, नैरोबीत. इंजिनिअरिंगला गेला असता, तर तोवर पदवी हातात पडून एखाद्या कारखान्यात नोकरीलाही लागला असता.

दुसरा धक्का मला जागा सोडण्याच्या पहिल्या धक्क्यापेक्षा मोठा वाटतो. २००६ साली भारतीय संघातली जागा हातची गेली होती. माणूस सत्तावीस वर्षांचा, नाव झालेलं. घरी बसून निवड समितीला दूषणं देता आली असती. तो इंग्लंडला वूस्टरशायर कौंटीकडून खेळायला गेला. तिथं रनअप आखूड केला, आठवड्यामागून आठवडा गार हवेत ओव्हरांवर ओव्हर टाकल्या. एका मोसमात कौंटी अजिंक्यपद स्पर्धेत ७८ बळी. एसेक्सविरुद्धच्या डावात पहिले नऊच्या नऊ बळी याचे, आणि दहाव्याचा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला! पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याने नऊ बळी घेतले आणि भारत जिंकला. त्याच्या नावावरचे ३११ कसोटी बळी मोजताना त्या कौंटी मोसमाची मेहनत विसरू नका.

२ एप्रिल २०११ चा वानखेडेवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना तुमच्यापैकी काहींनी आईच्या मांडीवर बसून पाहिला असेल. खेळपट्टी तयार करून घेणारे क्युरेटर होते सुधीर नाईक. जहीरच्या पहिल्या पाच ओव्हरांत तीन निर्धाव, धावा फक्त सहा, श्रीलंकेचा थरंगा सेहवागकडं स्लिपमध्ये झेल देऊन बाद. टीव्हीवाले अजून तेच दाखवतात. पण डावाच्या अखेरच्या चेंडूवर परेरानं त्यालाच षटकार मारला आणि त्याच्या दहा ओव्हरांत साठ धावा गेल्या, हेही त्याच स्कोअरकार्डात आहे.

आता तुम्हाला वाटेल, हे प्रमुख पाहुणे पोरांना जागा सोडायला सांगायला आलेत. अजिबात नाही. क्रिकेटपायी कॉलेज सोडून हात हलवत परत आलेली पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना कोणी अशा व्यासपीठावर बोलवत नाही, म्हणून ती दिसत नाहीत.

ठरलेली वाट सोडणारा जहीर एकटाही नाही. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत जहीरबरोबर आपल्याच जिल्ह्यातली आणखी दोन नावं होती. हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम. कॉम. झालेले, क्रिकेटचं वेड असलेले. घरच्यांना वाटे, पोरानं शहरात चांगली नोकरी धरावी. दुष्काळानं आणि दारूनं पोखरलेल्या गावानं त्यांना १९८९ च्या सुमारास सरपंच व्हायला गळ घातली. एकानं क्रिकेटसाठी कॉलेज सोडलं, दुसऱ्यानं गावासाठी क्रिकेट. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तर शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. नातू आजारी पडला, फवारणीच्या भाज्या खाऊन पडला असं त्यांना वाटलं, आणि त्या गावठी बियाणं जमवू लागल्या. त्यांच्यापुढं कसला आराखडा नव्हताच. पण वाल, घेवडा, भात यांतलं काय कुठं आणि कधी पेरायचं, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. पोपटरावांनाही नांगर आणि हिशेब, दोन्ही कळत होतं. जहीर मुंबईला जाण्याआधी इथल्या मैदानांवर चेंडू टाकतच होता. अचानक घडलेल्या गोष्टीच्या आधी हे काहीतरी असतं, आणि आपल्या सत्कारांत नेमकं तेवढंच गाळलं जातं.

पालकांशी दोन शब्द बोलतो आणि बसतो, पदव्या वाटायला अजून तासभर लागणार आहे. येत्या महिन्या-दोन महिन्यांत तुमची लेक किंवा तुमचा मुलगा भलतंच काहीतरी बोलणार: कंपनीचं कॉललेटर आहे पण मला मधमाश्या पाळायच्यात, किंवा बीएड नको, नाटक करायचंय. लोक काय म्हणतील, हे बोलून मोकळं होऊ नका. आजवर यातलं तू स्वतःच्या हातानं काय केलंस, तेवढं विचारा. दाखवण्यासारखं असेल, तर खर्चाचं बोला. नसेल, तर मधमाश्यांच्या पेट्या आणायला किंवा एक प्रयोग उभा करायला एक वर्ष द्या, आणि त्या वर्षात पाहुण्यांना काय सांगायचं, ते तुम्ही सांभाळा.