त्याचे लायसन्स कुठे आहे?

(महिला कार्यकर्त्यांच्या कायदा शिबिरातील भाषण)



१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीने एक तरुणी आणि एक तरुण, दोघांचा जीव घेतला. ७ जुलैला मुंबईत मासळी घेऊन स्कूटरवरून घरी निघालेल्या वरळी कोळीवाड्यातल्या जोडप्याला मोटारीने उडवले, बाईला फरफटत नेले. ती गेली. चालक पळाला. दोन्ही वेळा आपण विचारले, अटक झाली का, जामीन कसा मिळाला? ते विचारायलाच हवे. पण याचे लायसन्स कुठे आहे, हे आपण क्वचितच विचारतो.

लायसन्स हा कुणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणार नाही, या अटीवर सरकारने दिलेली ती परवानगी आहे. फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालतो. लायसन्सची कारवाई वेगळी, आरटीओकडची. तिला खटल्याच्या निकालासाठी थांबावे लागत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. कलम १८४ खाली बेदरकार गाडी चालवणे आणि कलम १८५ खाली दारू पिऊन चालवणे, अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. तिथे कलम १९ खाली पहिल्या वेळी तीन महिने लायसन्स बंद होऊ शकते, पुन्हा तसे केले तर रद्द. बंदी असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा शाबीत झाला तर कोर्टही कलम २० खाली बंदी घालू शकते. चालवणारा अल्पवयीन असेल, तर कलम १९९ अ खाली पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो आणि मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

आता खास आपल्या कामाची गोष्ट. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम २१ वाचा. लायसन्सवर कारवाई करण्याची कारणे त्यात दिली आहेत. अतिवेग, दारू, चालवताना मोबाईल ही त्यात आहेतच. अपघातानंतर जखमीला मदत न करणेही आहे. शिवाय प्रवाशाला मारहाण, प्रवाशाला पळवून नेणे आणि प्रवाशांशी गैरवर्तनसुद्धा आहे. म्हणजे रिक्षात, बसमध्ये बाईशी अभद्र वागणाऱ्याचा प्रश्न फक्त विनयभंगाच्या कलमाने संपत नाही. असा माणूस गाडी चालवायला लायक आहे का, हेही विचारता येते.

चालकाला बाजू मांडू द्यावी लागते, कारणे लेखी द्यावी लागतात आणि तीस दिवसांत त्याला अपील करता येते. हे योग्यच आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी रिक्षा चालवतात, कितीजणींचे घर नवऱ्याच्या टेम्पोवर चालते. तिथे तीन महिने लायसन्स बंद म्हणजे तीन महिने चूल बंद. बंगल्यातला साहेब मात्र दुसऱ्या दिवशी पगारी ड्रायव्हर ठेवतो. म्हणून आपली मागणी सूडाची नाही. कायदा रिक्षावाल्याला जितक्या चटकन लागतो, तितक्याच चटकन मोठ्या मोटारवाल्यालाही लागावा, एवढीच आहे.

मग करायचे काय? गाडीचा नंबर, वेळ, जागा लगेच लिहून ठेवा. साक्षीदार बाईला एकटी सोडू नका, दोघी-तिघी मिळून सोबत जा. पोलीस ठाण्यात तक्रार द्याच, पण त्याच तक्रारीची प्रत जोडून आरटीओकडे वेगळा अर्ज करा. अर्जात कलम १९ आणि नियम २१ चा उल्लेख करा. पोच घ्या. महिन्याभराने जाऊन विचारा, नोटीस काढली का, सुनावणी कधी? उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

गेलेली बाई यातून परत येणार नाही. पण तोच माणूस उद्या त्याच रस्त्यावर पुन्हा गाडी घेऊन येऊ नये, एवढे आपण नक्कीच बघू शकतो.