शिंगांचें पंचांग

पंचांग म्हटलें म्हणजे तिथि, वार, नक्षत्र, योग आणि करण हीं पांच अंगें आपणांस आठवतात. आज मी आपणांस एका निराळ्या पंचांगाचा परिचय करून देणार आहें. तें कागदावर छापलेलें नाहीं. आपल्या रानांतील चितळ, सांबर इत्यादि हरणांच्या नरांच्या मस्तकावर तें दरवर्षीं उगवतें, पिकतें आणि गळून पडतें. तें वाचतां आलें म्हणजे नराच्या देहांत काय चाललें आहे आणि तो पिता होण्यास कितपत समर्थ आहे, हें दुरूनच ओळखतां येतें.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आमच्या मराठवाड्याच्या माळरानावर ओळखीचा प्राणी म्हणजे काळवीट. आपण त्याला हरीण म्हणतों. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें तो गाईबैल व शेळ्यामेंढ्या ह्यांच्या कुळांतला आहे. त्याचें शिंग म्हणजे आंतल्या हाडावर चढविलेलें म्यान होय. तें एकदां आलें कीं जन्मभर टिकतें. चितळ, सांबर, बारशिंगा, भेकर हे खरे मृगकुळांतले. ह्यांच्यांत शिंगें फक्त नराला येतात, तीं भरीव हाडाचीं असतात, आणि गळून पुन्हां नवीं येतात.

जुनें शिंग गळालें म्हणजे त्या जागीं कोंवळा फुगवटा दिसूं लागतो. त्यावर बारीक लव असलेली मऊ कातडी असते. तिला मखमल म्हणतात. तिच्यांतील रक्तवाहिन्या आंतल्या हाडाचें पोषण करितात आणि शिंग कांहीं महिन्यांत पुरें वाढतें. ह्या काळांत तें स्पर्शाला ऊन लागतें आणि घाव बसल्यास त्यांतून रक्त येतें. म्हणून नर झुंज टाळतो. त्याचे वृषण लहान झालेले असतात. टेस्टोस्टेरॉन नांवाचा जो पुरुषत्वाचा अंतःस्राव, तो रक्तांत फार थोडा असतो आणि रेताची उत्पत्ति पुष्कळ मंदावलेली असते. पुढें हा स्राव वाढला कीं शिंग टणक होतें, मखमल वाळते, आणि नर झाडाझुडपांवर शिंगें घांसून ती सोलून टाकतो. मान भरते, हांका सुरू होतात, झुंजी लागतात. हा त्याचा माजाचा काळ. शेवटीं स्राव उतरला म्हणजे शिंगाच्या बुडाचें हाड झिजतें आणि शिंग गळून पडतें. शिंगें व वृषण ह्यांचा संबंध आहे, हें ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल ह्यानें सुमारें २३०० वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें. त्याच्या तपशिलांत आज फरक पडला असला तरी मूळ गोष्ट खरी ठरली.

आतां प्रश्न असा कीं, हें चक्र फिरवितो कोण? युरोपांतील तांबड्या हरणांपुरतें उत्तर सोपें आहे. तेथें सूर्य तें फिरवितो. लंडनला उन्हाळ्यांतला मोठ्यांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा, तर हिवाळ्यांतला लहानांत लहान दिवस आठ तासांहूनही थोडा कमी. रात्र जितकी मोठी तितका वेळ मेंदूंतील एक ग्रंथि मेलॅटोनिन नांवाचा स्राव सोडते, आणि त्यावरून शरीराला ऋतु कळतो. म्हणून तेथील बहुतेक नर एकाच सुमारास शिंगें टाकतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत एकदमच माजावर येतात.

आमच्या छत्रपती संभाजीनगरास मात्र मोठ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि लहानांत लहान अकरा तासांच्या आसपास. म्हणजे अंतर अवघें सव्वादोन तासांचें. एवढ्या अल्प फरकावर आपल्या हरणांनीं पंचांग मांडावें तरी कसें? तें त्यांनीं एकसारखें मांडलेलेंही नाहीं. जॉर्ज शॅलर ह्या शास्त्रज्ञानें १९६३ ते १९६५ ह्या काळांत मध्य प्रदेशांतील कान्हाच्या रानांत राहून निरीक्षणें केलीं. तेथें चितळांच्या माजाचा भर उन्हाळ्यांत, मे महिन्याच्या आगेंमागें. सांबर व बारशिंगा ह्यांचा हिवाळ्यांत. रान एक, सूर्य एक, पाऊसही एक. परंतु पंचांगें निराळीं!

चितळाची गोष्ट तर त्याहूनही नवलाची. उन्हाळ्यांत भर असला तरी एकाच कळपांत एका नराचीं शिंगें टणक, दुसऱ्याचीं मखमलींत, तर तिसऱ्याचीं नुकतींच गळालेलीं, असें दृश्य दिसतें. इंग्लंडांत पाळलेल्या चितळांवर लाउडन आणि कर्ल्यूइस ह्यांनीं केलेलें संशोधन १९८८ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत आढळलें कीं, प्रत्येक नराचें चक्र आपापल्या वेळीं फिरतें; तें शेजारच्या नराशीं जुळत नाहीं. आमच्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत एका स्तंभावर चार हरणांच्या धडांना मिळून एकच मस्तक कोरलेलें आहे. चितळांचा प्रकार नेमका उलट: कळप एक, पण प्रत्येक मस्तकांतलें घड्याळ स्वतंत्र.

ह्यांत निसर्गाचा हेतु काय असावा? मराठवाड्याच्या शेतकऱ्याला दुबार पेरणीचें दुःख सांगावयास नको. मृगाच्या पहिल्या सरीवर सारें बियाणें मातींत टाकलें आणि पुढें पावसानें ओढ दिली, तर घरांत मूठभर दाणाही उरत नाहीं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांना बेभरंवशाचा पाऊस म्हणजे काय हें ठाऊक आहे. चितळ आपलें सारें बीं एकाच पेरणींत टाकीत नाहीं. मादी गाभण राहिली नाहीं तर सुमारें तीन आठवड्यांनीं पुन्हां माजावर येते, आणि कोणत्याही महिन्यांत कळपांत एखादा तरी समर्थ नर असतो. गर्भकाल साडेसात ते आठ महिन्यांचा. म्हणून पाडसें मुख्यतः हिवाळ्यांत जन्मलीं तरी इतर महिन्यांतही थोडींथोडीं जन्मत राहतात. एक हंगाम बुडाला तरी वंश बुडत नाहीं.

परंतु श्रोतेहो, ही तजवीज कळप मोठा असेल तोंवरच उपयोगी. रस्ते, कालवे आणि शेतें ह्यांनीं रानाचे तुकडे झाले, एका तुकड्यांत दोनतीनच नर उरले, आणि ते नेमके एकाच वेळीं मखमलींत असले, तर माद्यांचे महिने वांयां जातात. नुसतीं डोकीं मोजून कळपाची स्थिति कळत नाहीं. नर किती आणि त्यांचीं शिंगें कोणत्या अवस्थेंत, हेंही पाहिलें पाहिजे. शिकारीच्या काळांत शिकाऱ्याची नजर भरदार, टणक शिंगांवर असे. म्हणजे जो त्या घटकेला पिता होण्यास सर्वांत समर्थ, तोच गोळीला बळी पडे. वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं आतां ती शिकार बंद आहे. चोरटी शिकार मात्र अद्याप संपलेली नाहीं.

आपणांकडून दोन साध्या गोष्टी होऊं शकतात. मेळघाट, ताडोबा किंवा पेंच येथें आपण बहुधा मुलांच्या उन्हाळ्याच्या सुटींत जातां. पाणवठे आटण्याचा आणि चितळांच्या माजाचा भर येण्याचा काळ तोच. पाणवठ्यापाशीं गाडी दूर उभी करावी आणि गलबला करूं नये. आणि रानांत गळालेलें शिंग दिसलें तर तें दिवाणखान्याच्या शोभेसाठीं उचलूं नये. कायद्याचा निषेध आहेच. शिवाय साळिंदर आणि स्वतः हरणेंही तीं शिंगें कुरतडून त्यांतील क्षार मिळवितात.

त्या पंचांगाचें जुनें पान आहे तेथेंच पडूं द्यावें. नवें पान कधीं उघडावयाचें तें प्रत्येक नर आपल्या घड्याळाप्रमाणें ठरवील. तें उघडण्यास पुरेसें रान आणि पुरेसे नर शिल्लक ठेवणें, एवढेंच आपलें काम आहे.