यंत्र आणि अध्यापक

वर्गात यंत्र आले म्हणजे शिकवणे सुधारलेच, अशी एक समजूत आहे. ती तपासून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या सुमारास आपल्याच विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. अवघड गणिते सोडविणारी मुले न्यूटनच्या नियमांवरील साध्या प्रश्नांत अडखळली. तेव्हा १९९१ पासून त्यांनी नवा क्रम धरला: व्याख्यान थांबवून प्रश्न विचारावयाचा, उत्तरे घ्यावयाची, शेजाऱ्याशी चर्चा करू द्यावयाची आणि पुन्हा उत्तरे घ्यावयाची. पुढे उत्तरे नोंदविण्यास हातात मावणारी यंत्रे आली. परंतु २००८ साली नॅथॅनियल लॅस्री यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यंत्रे वापरणारा वर्ग आणि साधी कार्डे वापरणारा वर्ग यांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. गुण होता तो प्रश्नाचा व चर्चेचा.

हे कळले, कारण अध्यापकांनी स्वतःच्या वर्गाकडे संशोधकाच्या नजरेने पाहिले. आपली महाविद्यालये पडदे आणि संगणक घेतात, ते घ्यावेतच. पण त्यांचा उपयोग किती झाला हे शोधणाऱ्या अध्यापकास सवड, जाणत्यांचे साहाय्य आणि विषयातील संशोधनाइतकाच मान मिळावयास नको काय? आपली मुले ज्या वर्गांत बसतात, तेथे हा प्रश्न आपणही विचारला पाहिजे.