बी क्लास आणि ग्रेड बी: एका अक्षराचा घोळ

आज पाइपांबद्दल बोलू. अमरावती-अकोला पट्ट्यात मी वीस वर्षं फॅब्रिकेशनची कामं करतोय, आणि माझी सगळ्यात महागडी चूक एका अक्षराची होती.

अकोल्यात एका तेल गिरणीत वाफेची लाइन टाकायची होती. इंजिनिअरनं कागदावर लिहिलं होतं ‘ए106 ग्रेड बी’. मी दुकानात फोन केला, ‘बी पाठवा.’ आले बी क्लासचे पाइप, निळ्या पट्ट्याचे. माझा वेल्डर म्हणाला, ‘भाऊ, दोन्ही एमएसच त हाय, मंग काय फरक पडते?’

प्रश्न वावगा नव्हता. माइल्ड स्टील हे घराण्याचं नाव: कार्बन साधारण पाव टक्क्यापर्यंत, सहज वाकतं, वेल्डिंग छान घेतं. दोन्ही पाइप जवळपास त्याच घराण्यातले. पण आडनावावरून माणूस किती वजन उचलेल हे कळतं का? ते मानक सांगतं.

आपल्या बाजारातले ए, बी, सी क्लास म्हणजे आयएस 1239 मधले लाइट, मीडियम, हेवी. पट्टे पिवळा, निळा, लाल. हा फरक जाडीचा. दोन इंची पाइप बाहेरून सारखाच दिसतो, पण जाडी 2.9, 3.6 आणि 4.5 मिलीमीटर.

ए106 हे अमेरिकन मानक, जास्त तापमानाच्या सीमलेस पाइपांचं. तिथे ‘ग्रेड बी’ म्हणजे ताकद: किमान 240 मेगापास्कल ताणापर्यंत पोलाद कायमचं ताणलं जाणार नाही. जाडी वेगळी सांगावी लागते, शेड्यूल 40, शेड्यूल 80 अशी.

पाइप परत गेले, भाडं माझ्या अंगावर पडलं. पण वाफ सोडण्याआधी कळलं, हेच नशीब. नाहीतर लाइनीखाली माणसं होती.

आणखी एक. दर्यापूर, मूर्तिजापूरकडे खारपाणपट्ट्यात लोक म्हणतात, ‘सी क्लास टाका, गंजत नाही.’ गंजतो हो! जाड आहे म्हणून भोक पडायला वेळ लागतो, इतकंच. गंज थोपवायला जस्ताचा मुलामा लागतो, आणि खारं पाणी तोही हळूहळू खातं.

तेव्हा ‘एमएस पाइप द्या’ एवढंच म्हणू नका. मानक, ग्रेड किंवा क्लास आणि जाडी कागदावर लिहून द्या, टेस्ट सर्टिफिकेट मागा. फोनवर तर नुसतं ‘बी’ कधीच म्हणू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!